‘चार्ज’ या एका शब्दाचे अर्थ किती? बातमीतला ‘चार्ज्ड’ म्हणजे दोषी नव्हे!

एखाद्या नेत्याचं, अभिनेत्याचं किंवा उद्योजकाचं नाव असलेली इंग्रजी बातमी येते. मथळ्यात ‘चार्ज्ड’ असा शब्द असतो. पाच मिनिटांत तिचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागतो आणि खाली मराठीत ओळ असते, “अखेर दोषी ठरला!” प्रत्यक्षात त्या दिवशी कोर्टात साक्षीदार तर सोडाच, खटलासुद्धा सुरू झालेला नसतो. पोलिसांनी फक्त कागदपत्रं दाखल केलेली असतात.

हा घोळ होण्याचं एक कारण सोपं आहे. ‘चार्ज’ हा शब्द आपल्या इतक्या ओळखीचा झाला आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असं कुणाला वाटत नाही. सकाळी उठल्यावर मोबाइल चार्जिंगला लावायचा, ऑफिसात नव्या साहेबांनी चार्ज घेतला म्हणायचं, हॉटेलात सर्व्हिस चार्ज भरायचा आणि संध्याकाळच्या बातम्यांत लाठीचार्ज पाहायचा. शब्द एकच, पण चार वेगवेगळी कामं करणारा. त्यातलं कोणतं काम कुठे चाललं आहे हे कळलं नाही, तर कधी खिशाला फटका बसतो आणि कधी दुसऱ्याच्या अब्रूला.

मुळात हा शब्द आला कुठून?

बैलगाडीतून, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी. गाडीत माल भरणं या अर्थाचं क्रियापद त्यावरून तयार झालं, ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत ‘चार्ज’ बनून आलं. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ हे सगळे याच घराण्यातले. इतकंच काय, व्यंगचित्रासाठी वापरला जाणारा ‘कॅरिकेचर’ हा शब्दही त्यांचा नातेवाईक आहे, कारण त्यात चेहऱ्यावर जरा जास्तच माल लादलेला असतो.

म्हणजे मूळ अर्थ एकच, ओझं लादणं. माणसावर जबाबदारीचं ओझं टाकलं की तो ‘इन्चार्ज’. गिऱ्हाइकावर पैशांचं ओझं टाकलं की सर्व्हिस चार्ज. कुणावर गुन्ह्याचं ओझं ठेवलं की कोर्टातला चार्ज. बंदुकीत दारू ठासली की तोही चार्ज. वीज आली ती याच बंदुकीच्या वाटेने. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांमध्ये वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. बंदुकीत दारू भरावी तशी बरणीत वीज भरायची, म्हणून त्यालाही चार्ज करणं म्हटलं गेलं. अशा बरण्यांची रांग जोडली तेव्हा त्याने तोफांच्या रांगेसाठीचा शब्द उचलला, ‘बॅटरी’. आज खिशातल्या फोनबद्दल बोलताना आपण जे दोन शब्द रोज वापरतो, ते दोन्ही तोफखान्यातले आहेत.

गंमत अशी की मराठीत (आणि संस्कृतात) ‘भार’ या शब्दाने जवळजवळ हाच प्रवास केला आहे. विद्युतभार, कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार. हे सगळे ‘चार्ज’साठी किंवा त्याच्या भावंडांसाठी रुळलेले मराठी शब्द, आणि सगळ्यांच्या पोटात ओझंच. ‘आरोप’ हा शब्दही यापासून लांब नाही. त्याचा धात्वर्थ ‘वर ठेवणं, चढवणं’. वृक्षारोपणात रोप जमिनीत बसवतात, दोषारोपात दोष माणसावर बसवतात. तो दोष त्याचा आहे की नाही, हे त्या शब्दात कुठेच सांगितलेलं नाही. बसवला आहे, एवढंच.

एफआयआर, चार्जशीट, चार्ज फ्रेम: तीन वेगळ्या गोष्टी

सोशल मीडियावर सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, त्यामुळे हे जरा सावकाश पाहू.

पहिली पायरी गुन्हा दाखल होण्याची, म्हणजे एफआयआरची. कुणीतरी तक्रार केली आणि पोलिसांनी ती नोंदवली, एवढाच तिचा अर्थ. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं यासाठी बहुतेक वेळा ‘बुक्ड’ असा शब्द वापरतात. पण काही बातम्यांमध्ये इथेच ‘चार्ज्ड’ घुसतो आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

दुसरी पायरी चार्जशीटची, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. तपास संपल्यावर पोलीस कोर्टाला जो अहवाल देतात, तो हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याची तरतूद आहे. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ मध्ये होती. हा अहवाल म्हणजे तपास यंत्रणेची बाजू. आम्हाला अमुक पुरावा मिळाला आणि त्यावरून या व्यक्तीवर खटला चालावा असं आम्हाला वाटतं, इतकंच ती सांगते. आरोपपत्र दहा हजार पानांचं आहे म्हणून गुन्हा जास्त सिद्ध होत नाही. पानांची संख्या मथळ्यात छान दिसते, कोर्टात तिला स्वतंत्र वजन नसतं.

प्रत्येक तपास आरोपपत्रातच संपतो असंही नाही. महाराष्ट्रात पोलीस ‘समरी’ अहवालही देतात. गुन्हा घडला पण आरोपी सापडला नाही तर ‘ए’ समरी. तक्रारच खोटी निघाली तर ‘बी’ समरी. गैरसमजातून तक्रार झाली किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचं निघालं तर ‘सी’ समरी. ‘पोलिसांनी फाइल बंद केली’ अशी पोस्ट दिसली की या तिघांतलं नेमकं काय झालं हे आधी पाहावं लागतं, कारण ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरी पायरी म्हणजे खरा ‘चार्ज’. आरोपपत्र आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं पाहून न्यायाधीश ठरवतात की खटला चालवण्याइतपत मजकूर इथे आहे का. असेल तर ते कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कृत्याबद्दल खटला चालेल, हे लेखी निश्चित करतात. याला आरोप निश्चिती म्हणतात, इंग्रजीत ‘चार्ज फ्रेम’ करणं. ते आरोप वाचून दाखवून आरोपीला विचारलं जातं, गुन्हा कबूल आहे का? तो ‘नाही’ म्हणाला की साक्षीपुराव्याला सुरुवात होते. नव्या संहितेने सत्र न्यायालयासाठी आणि वॉरंट खटल्यांसाठी, आरोपांवरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोप निश्चित करण्याची मुदत घातली आहे.

दोषी किंवा निर्दोष हा शब्द या सगळ्यानंतर, निकालाच्या दिवशी येतो. काही प्रकरणांत तो दिवस यायला दहा-पंधरा वर्षंही जातात.

परदेशातल्या बातम्या वाचताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये ‘चार्ज्ड’ म्हणजे पोलीस किंवा सरकारी अभियोग विभागाने औपचारिक आरोप ठेवला. हे कोर्टात उभं राहण्याच्या आधीच होतं. म्हणून तिथे ‘विदाउट चार्ज’ सोडून दिलं अशा बातम्या येतात. त्याचा अर्थ पैसे न घेता सोडलं असा नाही, आरोप न ठेवता सोडलं असा आहे. अमेरिकेतही हा आरोप अभियोक्ता ठेवतो, आणि गंभीर केंद्रीय गुन्ह्यांत तो नागरिकांच्या ‘ग्रँड ज्युरी’कडून यावा लागतो. तिकडचा ‘चार्ज’ आणि आपल्याकडची आरोप निश्चिती एकाच टप्प्यावर नसतात.

जामीन मिळाला म्हणजे सुटला का?

आरोपपत्राशी जोडलेला हा एक नेहमीचा गैरसमज. आरोपी कोठडीत असेल तर पोलिसांना आरोपपत्र ठरावीक मुदतीत द्यावं लागतं. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. काही विशेष कायद्यांत ही मुदत आणखी वाढते. मुदत उलटली आणि आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. असा जामीन म्हणजे ‘निर्दोष’ असल्याचं प्रमाणपत्र नाही आणि न्यायाधीश विकले गेल्याचा पुरावाही नाही. तपास यंत्रणेने वेळ पाळली नाही, एवढंच त्यातून कळतं.

‘डिस्चार्ज’ झाला की ‘अॅक्विट’ झाला?

आरोप निश्चितीच्या आधी आरोपी कोर्टाला सांगू शकतो की माझ्याविरुद्ध खटला चालवण्याइतकं काहीच नाही. कोर्टाला ते पटलं तर ते त्याला ‘डिस्चार्ज’ करतं. मराठी पत्रकारितेत याला दोषमुक्त करणं म्हणतात. पूर्ण खटला चालून पुरावा अपुरा ठरला तर ‘अॅक्विटल’, म्हणजे निर्दोष मुक्तता.

बोलताना दोन्ही एकच वाटतात, कायद्यात नाहीत. निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. निकालाविरुद्ध अपील होऊ शकतं, ती गोष्ट वेगळी. डिस्चार्ज मात्र निर्दोष मुक्तता मानला जात नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. नवा पुरावा पुढे आला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. ‘दोषमुक्त’ या मराठी शब्दात हा फरक पुसला जातो, हे कबूल करायला हवं. शब्द ऐकून वाटतं की प्रकरण कायमचं मिटलं.

निवडणुकीत याचं काय?

निवडणूक आली की ‘इतक्या उमेदवारांवर गुन्हे’ अशा याद्या फिरतात. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात प्रलंबित खटल्यांची माहिती असते आणि त्या खटल्यात आरोप निश्चित झाले आहेत की नाही, हेही त्यात लिहावं लागतं. वाचणाऱ्याने पाहायचा रकाना तो. आंदोलनात रस्ता अडवल्याचा एफआयआर आणि कोर्टाने आरोप निश्चित केलेला फसवणुकीचा खटला, हे दोन्ही यादीत ‘एक गुन्हा’ म्हणूनच मोजले जातात.

केवळ आरोप निश्चित झाले म्हणून कुणी निवडणूक लढवायला अपात्र होत नाही. लोकप्रतिनिधी कायद्यानुसार साधारणपणे दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली तरच अपात्रता येते. आरोप निश्चित झालेल्यांनाही रोखावं, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये घटनापीठाने सांगितलं की नवी अपात्रता घालणं हे न्यायालयाचं काम नाही, संसदेने कायदा करावा.

आकड्यांचाही असाच एक खेळ चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ‘चार्जशीटिंग रेट’ आणि ‘कन्व्हिक्शन रेट’ असे दोन वेगळे आकडे असतात. पहिला सांगतो, तपास संपवलेल्या प्रकरणांपैकी किती प्रकरणांत आरोपपत्र गेलं. दुसरा सांगतो, निकाल लागलेल्या खटल्यांपैकी किती जणांना किंवा किती प्रकरणांत शिक्षा झाली. पहिला आकडा दाखवून ‘आमच्या राज्यात इतक्या टक्के गुन्हेगारांना शिक्षा’ असं लिहिणारी पोस्ट चुकीची असते, मग ती कोणत्याही पक्षाची असो.

आणि हो, ‘फॉरवर्ड अॅज रिसीव्हड’ लिहिलं म्हणून जबाबदारी संपत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. आरोपपत्र दाखल झालेल्या माणसाला ‘आरोपी’ म्हणणं ही वस्तुस्थिती. त्याला ‘गुन्हेगार’ म्हणणं हा निकाल आहे, आणि तो द्यायचा अधिकार ग्रुप अॅडमिनला नाही.

पैशांचा चार्ज

आता जरा खिशाकडे. हॉटेलच्या बिलात खाली छोट्या अक्षरांत ‘सर्व्हिस चार्ज’ असतो आणि अनेकांना तो सरकारी कर वाटतो. तसं वाटण्याला कारण आहे. पूर्वी ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा खरोखरचा कर होता. तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेला. सर्व्हिस चार्ज मात्र हॉटेल स्वतः लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेल व्यावसायिकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून हे नियम योग्य ठरवले. त्यामुळे ‘हा चार्ज काढा’ असं म्हणताना ओशाळून जाण्याचं कारण नाही. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

दुसरी अफवा यूपीआयची, ती दर काही महिन्यांनी उगवते. मार्च २०२३ मध्ये ‘१ एप्रिलपासून दोन हजारांवरच्या यूपीआयवर १.१ टक्के चार्ज’ असे मेसेज फिरले. बातमीला आधार होता, पण अर्थ वेगळा होता. तो ‘इंटरचेंज’ शुल्काचा दर होता, आणि तो वॉलेटसारख्या प्रीपेड साधनातून दुकानदाराला दिलेल्या रकमेपुरता होता. ते शुल्क व्यवहारातल्या संस्थांनी आपसात द्यायचं होतं. बँक खात्यातून बँक खात्यात पैसे पाठवणाऱ्या ग्राहकावर काहीच नव्हतं. ‘चार्ज लागणार’ या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही गायब असतात, घोळ तिथे होतो. कोण कुणाला लावणार, हे विचारलं की निम्म्या अफवा विरतात.

जमीन घेणाऱ्यांसाठी ‘चार्ज’चा आणखी एक अर्थ फार महत्त्वाचा आहे. कर्जापोटी मालमत्तेवर बँकेचा किंवा सोसायटीचा जो हक्क बसतो, त्याला इंग्रजी कागदपत्रांत ‘चार्ज’ म्हणतात. गावाकडे त्याला नेमका शब्द आहे, बोजा. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात तो दिसतो. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा लागतो. व्यवहाराच्या दिवशी विकणारा ‘कर्ज कधीच फेडलंय’ म्हणतो आणि सातबारा वेगळंच सांगतो, असे प्रसंग याच आळसातून येतात.

लाठीचार्ज, आणि हत्तीचा चार्ज

भरलेली बंदूक रोखून किंवा घोडा दौडवत शत्रूवर तुटून पडणं, हाही ‘चार्ज’. त्यातून भारतात ‘लाठीचार्ज’ हा निम्मा देशी, निम्मा इंग्रजी शब्द घडला आणि पुढे इंग्रजी कोशांतही गेला. ३० ऑक्टोबर १९२८ ला लाहोरमध्ये सायमन कमिशनविरोधी मोर्चावर झालेल्या लाठीमारात लाला लजपतराय जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. मराठीत लाठीमार, लाठीहल्ला हे शब्द आहेत आणि ते जास्त स्पष्ट आहेत. लाठी‘चार्ज’ म्हटलं की मार थोडा सरकारी वाटू लागतो. जंगलातल्या व्हिडिओत हत्तीने ‘चार्ज’ केला म्हणतात तोही हाच, अंगावर धावून येणं.

दवाखाना आणि धरण

ओझं उतरवणं म्हणजे ‘डिस्चार्ज’. दवाखान्यातून घरी सोडलं की डिस्चार्ज मिळाला. पण केसपेपरवर जखमेपुढे ‘नो डिस्चार्ज’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ पेशंटला घरी सोडणार नाही असा नाही. जखमेतून पू किंवा पाणी येत नाही, म्हणजे चांगली बातमी. असा कागद फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी नर्सला विचारलेलं बरं.

पावसाळ्यात हाच शब्द धरणांच्या मेसेजमध्ये येतो. तिथे मराठीत ‘विसर्ग’ हा छान शब्द रुळला आहे. विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. धरणातला साठा मात्र टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. ‘धरणातून दहा टीएमसीने पाणी सोडलं’ असा मेसेज आला तर लिहिणाऱ्याने दोन मापं एकत्र केली आहेत. साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालला तर एक टीएमसी पाणी जातं. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो. तिथे गाडी लावलेल्याला आकड्याइतकीच त्याच्या शेजारची वेळ महत्त्वाची असते. कालचा मेसेज आज फिरवला तर धावपळ उगाचच, आणि आजचा उद्या वाचला तर गाडी गेली.

चार्ज कुणाकडे?

सरकारी कार्यालयात ‘चार्ज घेतला’, ‘अतिरिक्त चार्ज दिला’ हे इतकं रोजचं आहे की कार्यभार हा शब्द फक्त आदेशात उरला आहे. मात्र त्याच कार्यालयात ‘साहेबांना चार्जशीट मिळाली’ असं कुणी म्हणालं, तर लगेच पोलीस आणि कोर्ट डोळ्यांसमोर आणू नये. विभागीय चौकशीतही दोषारोपपत्र दिलं जातं. महाराष्ट्रात ते १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली येतं. त्यात तुरुंग नसतो, वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा असतात.

राहिला मोबाइल. तिथे मराठीने इंग्रजीला थोडं वळण लावलं आहे. इंग्रजीत ‘चार्जिंग’ ही चालू असलेली क्रिया. मराठीत ती वस्तू झाली आहे: चार्जिंग संपलं, चार्जिंग उतरलं, तुझ्यात किती चार्जिंग आहे? लंडनच्या बसमध्ये हे वाक्य शब्दशः इंग्रजीत विचारलं तर समोरचा गोंधळेल, तिथे ‘बॅटरी किती आहे’ असं विचारतात. सांगलीच्या एसटीत मात्र लगेच उत्तर मिळतं, “वीस टक्के, आणि चार्जर घरी राहिलाय.”